लांडगा आला रे आला ऐकून मुलं खरं बोलतात का? एका प्रयोगाचं सविस्तर प्रकरण

मुलांना खोटं बोलू नये हे शिकवायचं म्हटलं की आपल्या तोंडात पहिली गोष्ट येते ती लांडगा आला रे आला. आपल्याला ती आजीने सांगितलेली असते, मग शाळेत पुन्हा भेटते, शेवटी तात्पर्य म्हणून एक ओळ, आणि आता आपण तीच आपल्या पोरांना सांगतो, नाहीतर यूट्यूबवर लावून देतो. आमच्या कॉलनीच्या वाचनालयात मी शनिवारी दुपारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते, तिथे येणारे आईबाबा हमखास विचारतात की काकू खोटं बोलण्यावर एखादी चांगली गोष्ट सांगा ना, हल्ली फार थापा मारतो. तेव्हा ही गोष्ट ऐकून मूल खरंच खरं बोलायला लागतं का हे ज्यांनी तपासून बघितलं त्यांचा प्रयोग मला सगळ्यांना नीट सांगायचा होता. त्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या पण एक ओळ सांगून संपल्या, आणि खरं शिकण्यासारखं सगळं तपशिलात आहे.

प्रयोग २०१४ साली छापून आला. टोरांटो विद्यापीठाचे कांग ली, मॅकगिल विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांचे सहकारी. तीन ते सात वर्षांची २६८ मुलं.

खोलीत काय घडतं ते बघा. मूल आणि एक ताई असे दोघंच. खेळ असा की मुलाने टेबलाकडे पाठ करून बसायचं, ताई मागे एक खेळणं ठेवणार, त्याचा आवाज येणार, आणि आवाजावरून मुलाने ओळखायचं की काय आहे. बदकाचा आवाज आला की बदक. खेळ रंगात आला की मध्येच ताई म्हणते अरेच्चा, माझं गोष्टीचं पुस्तक राहिलं बाहेर, मी घेऊन येते, तोवर मागे वळून बघायचं नाही हं. आणि एक मिनिट बाहेर जाते. मूल एकटं, पाठीमागे खेळणं, आणि कॅमेरा चालू आहे हे त्याला माहीत नाही.

आता चार वर्षांच्या मुलासाठी हे एक मिनिट म्हणजे काय हे ज्यांच्या घरात चार वर्षांचं मूल आहे त्यांना सांगायला नको. बहुतेकांना राहवत नाही, ते वळून बघतातच.

ताई परत येते, खेळणं झाकून टाकते आणि एक गोष्ट वाचून दाखवते. मुलांचे गट पाडलेले. काहींना लांडगा आला रे आला, काहींना नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची, काहींना जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची, आणि काहींना ससा-कासव, म्हणजे जिचा खरं-खोट्याशी काही संबंधच नाही अशी, तुलनेसाठी. गोष्ट संपली की खरं सांग असं सांगून ताई मुलाला विचारते, मी बाहेर होते तेव्हा तू वळून बघितलंस का?

या मांडणीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट म्हणजे कथा वाचायच्या आधीच मुलाच्या हातून चूक होऊन गेलीय. म्हणजे इथे गोष्टीने मुलाला मोहापासून वाचवायचं नाहीये, तो क्षण गेला. आता प्रश्न इतकाच उरलाय की केलेलं कबूल करायचं का लपवायचं. आणि घरी आपल्याला नव्वद टक्के वेळा हाच प्रश्न असतो की नाही, भिंतीवर स्केचपेन फिरवून झालेलं असतं, रिमोट पाण्याच्या बादलीत पडून झालेला असतं, आणि आपण समोर उभे राहून विचारत असतो कुणी केलं.

तर निकाल. लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं आणि ससा-कासव ऐकलेली मुलं यांच्या खरं बोलण्यात फरक पडला नाही. पिनोकिओचंही तेच. दोन्ही गोष्टी जगभर खोट्याचे दुष्परिणाम सांगायला वापरल्या जातात आणि दोन्ही ससा-कासवाइतक्याच कामाच्या निघाल्या. फक्त वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं जास्त प्रमाणात म्हणाली, हो, मी बघितलं.

ती गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असेल असं नाही म्हणून थोडक्यात सांगते. छोट्या जॉर्जला नवीन कुऱ्हाड मिळते, तो दिसेल ते तोडत सुटतो आणि वडिलांचं लाडकं चेरीचं झाड त्यात जातं. वडील विचारतात हे कुणी केलं. तो म्हणतो बाबा मी खोटं बोलू शकत नाही, मीच तोडलं. वडील त्याला जवळ घेतात आणि म्हणतात तू खरं बोललास याची किंमत मला हजार झाडांपेक्षा जास्त आहे. हा प्रसंग प्रत्यक्ष घडला असं इतिहासकार मानत नाहीत, मेसन वीम्स नावाच्या लेखकाने वॉशिंग्टनच्या चरित्राच्या १८०६ च्या आवृत्तीत तो घातला. पण रचलेला असला तरी त्याची रचना बघण्यासारखी आहे, कारण मुलाला हवं ते सगळं त्यात आहे. चूक मोठी आहे, मुलगा लहान आहे, विचारणारा मोठा माणूस चिडलेला आहे, आणि खरं सांगितल्यावर पुढच्या क्षणी काय होतं ते दाखवलंय.

इथवर वाचून कुणी म्हणेल की वॉशिंग्टन अमेरिकेतला मोठा माणूस, पहिला राष्ट्राध्यक्ष, मुलांवर नावाचा प्रभाव पडला असेल. किंवा त्या गोष्टीत माणसं खरी वाटतात, पिनोकिओ लाकडाचा बाहुला आहे. ही शंका संशोधकांनाही आली, म्हणून त्यांनी दुसरा प्रयोग केला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा हा दुसरा प्रयोगच आहे. त्यांनी तीच वॉशिंग्टनची गोष्ट घेतली, तोच मुलगा, तीच कुऱ्हाड, तेच झाड, आणि फक्त शेवट उलटा केला. आता जॉर्ज खोटं बोलतो आणि त्याचे वाईट परिणाम भोगतो. एवढा बदल केला आणि गोष्टीचा असर नाहीसा झाला. म्हणजे नावात काही नव्हतं. खरं बोलल्यावर भलं होतं हे दाखवलं तर मुलं खरं बोलली, आणि खोटं बोलल्यावर वाईट होतं हे दाखवलं तर त्याने काही झालं नाही.

असं का होत असेल

लांडग्याची गोष्ट ऐकत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांनी बघा. एक मुलगा खोटं बोलतो, पुन्हा बोलतो, मग खराच लांडगा येतो आणि मेंढ्या मरतात, काही ठिकाणी तर मुलालाच खातो. या पूर्ण गोष्टीत एकदाही कुणी असं म्हणत नाही की हो काका, मी थाप मारली, माझं चुकलं. खरं सांगून टाकणारं मूल त्यात नाहीच. मग ऐकणाऱ्या मुलाने काय उचलायचं? चूक झाली की भयंकर काहीतरी होतं एवढंच. आणि ज्याने आत्ताच चोरून बघितलंय त्याला चूक झाली की भयंकर होतं असं सांगितलं तर तो काय करणार, तो लपवणार. माणूस म्हणून हेच साहजिक आहे, मूल वेगळं नाही.

याला जोडून आणखी दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत, दोन्ही तलवारबाईंचेच. २०१५ मध्ये त्यांनी चार ते आठ वर्षांच्या ३७२ मुलांसोबत हाच न बघण्याचा खेळ केला. साधारण दोन तृतीयांश मुलांनी वळून बघितलं, आणि बघणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश नंतर खोटं बोलली. ज्या मुलांना बघितलं असशील तर शिक्षा होईल असं आधी सांगितलं होतं ती खरं बोलण्याची शक्यता कमी निघाली. शिक्षेचा विषय काढला नाही आणि नुसतं सांगितलं की खरं बोललास तर मला बरं वाटेल, किंवा खरं बोलणं चांगलं असतं, तर त्याचा उपयोग झाला. दुसरा २०११ चा, कांग ली यांच्याच सोबतचा, पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधला. एका शाळेत काठी, चापट, चिमटा असली शिक्षा रोजची, दुसऱ्या शाळेत रागावणं वगैरे असायचं पण मारणं नाही. तीन-चार वर्षांची मुलं. मार असलेल्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि पुढचे प्रश्न विचारल्यावरही आपलं खोटं जास्त सफाईने निभावून नेऊ शकली. वयाच्या चौथ्या वर्षी. मला हे वाचून फार वाईट वाटलं, कारण धाक असला की मुलं सरळ राहतात असं आपल्याकडे अजूनही अभिमानाने सांगितलं जातं आणि इथे धाकाने मुलांना नेमकं उलट कौशल्य शिकवलं.

आता आपल्या घरांतलं एक वाक्य घ्या. खरं सांग, मी ओरडणार नाही. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ते ऐकलंय आणि बहुतेकांनी खरं सांगितल्यावर धपाटा पण खाल्लाय. आमच्याकडे येणाऱ्या एका आईने सांगितलेला प्रसंग, मुलगा पहिलीत. डबा रोज स्वच्छ रिकामा यायचा, ती खूश, पोरगा कारलं खातोय, मेथी खातोय. मग एक दिवस किचनच्या खिडकीबाहेरच्या डक्टमधून वास यायला लागला आणि बघितलं तर पोळीत गुंडाळलेल्या भाज्यांचा ढीग. म्हणजे तो शाळेत डबा तसाच ठेवायचा आणि घरी आल्या आल्या खिडकीतून टाकायचा. तिने विचारलं खरं सांग मी ओरडणार नाही. त्याने सांगितलं. आणि मग तिचा जो संताप झाला तो झाला, अन्न टाकतोस, मी पहाटे उठून करते, वगैरे. तिचा संताप मला पूर्ण समजतो, पहाटे साडेपाचला उठून भाजी करणाऱ्या बाईला हे बघून काय वाटेल. पण त्या मुलाच्या बाजूने हिशोब मांडला तर त्या संध्याकाळी एक गोष्ट त्याला प्रत्यक्ष सांगून झाली, की खरं बोलल्यावर काय होतं. त्यानंतर रात्री झोपताना पुस्तकातून कितीही सुंदर गोष्ट वाचून दाखवली तरी ती या गोष्टीपुढे टिकणार नाही.

आणि मुलं तात्पर्य काढतात ते वेगळंच

मोठ्यांना वाटतं गोष्ट ऐकली म्हणजे बोध पोचला. तसं होत नाही, आणि हे पण तपासलेलं आहे. २००८ मध्ये मारी-लुईस मेअर्स आणि एमिली अकोस्टा यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला, त्यात तीन पायांचा एक कुत्रा असतो, बाकीचे आधी त्याच्याशी बिचकून वागतात मग मैत्री करतात. भाग बनवणाऱ्यांना सांगायचं होतं की वेगळ्या दिसणाऱ्या, अपंग मुलांना आपल्यात घ्या. मुलांनी काढलेला बोध बहुतेक करून कुत्र्यापुरता राहिला, तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं. कुत्र्यावरून माणसावर जाणं त्या वयात जमत नाही आपोआप. डार्सिया नार्वाएझ यांचंही काम आहे, तिसरीतल्या मुलांनाही गोष्टीमागचा नैतिक धागा मोठ्यांना वाटतो तसा पकडता येत नाही असं त्यात दिसतं.

आमच्या शनिवारच्या गटात मी लांडगा आला वाचली होती तेव्हाचं सांगते. वाचून झाल्यावर मी तात्पर्य सांगितलं नाही, विचारलं काय वाटलं. पहिला हात वर आला एका साडेपाच वर्षांच्या मुलाचा, तो म्हणाला मेंढ्या घेऊन जंगलात जायचं नाही. शेजारी बसलेल्या मुलीने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, त्याच्या आईने त्याला एकट्याला का पाठवलं? मागे बसलेल्या दोन-तीन आया हसल्या पण मला त्या मुलीचा प्रश्न फार खरा वाटला. तिने गोष्टीतला मुलगा वाईट म्हणून नाही बघितला, एकटा म्हणून बघितला. दिवसभर एकटा पोरगा, बोलायला कुणी नाही, हाक मारली की अख्खं गाव धावत येतं, मग तो पुन्हा हाक मारणारच. खोटं बोलू नये हे आमच्या त्या दुपारी कुणाच्याच तोंडून आलं नाही.

मग तात्पर्य आपणच सांगून टाकावं का? कॅरन वॉकर आणि तानिया लोम्ब्रोझो यांनी २०१७ मध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांवर बघितलं होतं की गोष्ट वाचताना मध्ये मध्ये थांबून मुलालाच विचारलं, असं का झालं असेल, तर वरवरच्या गोष्टींत न अडकता आतला धागा त्यांना जास्त पकडता येतो. मी तेच करते. शेवटी तात्पर्य नाही, मधे का. त्याने वाचायला दुप्पट वेळ लागतो आणि कधीकधी गोष्ट संपतच नाही, चालतं.

प्राण्यांच्या गोष्टींचा प्रश्न यातच येतो. टोरांटोमध्येच निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानेआ यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली, एका गटाला रकूनची आणि दुसऱ्याला तीच गोष्ट, फक्त प्राण्यांच्या जागी माणसं. मुलांना मिळालेले स्टिकर न मिळालेल्या मुलासाठी किती ठेवतात ते गोष्टीआधी आणि नंतर मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. ज्या मुलांना प्राणी माणसासारखे वाटत होते ती मुलं जास्त वाटून घेत होती, पण बरीच मुलं प्राण्याला प्राणीच समजतात.

आपल्या गोष्टी

आपलं बालसाहित्य म्हणजे निम्मं पंचतंत्र. आणि पंचतंत्र मला जिवापाड आवडतं, पण ते खरं बोलायला शिकवण्यासाठी लिहिलेलंच नाही. अमरशक्ती राजाची तीन मुलं अभ्यासात ढ, विष्णुशर्मा म्हणतो सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात तयार करतो, आणि त्या नीतीचा अर्थ राज्य कसं चालवावं, कुणावर विश्वास ठेवावा, संकटातून कसं सुटावं. माकड आणि मगर घ्या. मगर पाण्याच्या मधोमध जाऊन सांगतो की बायकोला तुझं काळीज हवंय, आणि माकड म्हणतं अरे मग आधी सांगायचं, काळीज तर मी जांभळाच्या झाडावर ठेवून आलो. थाप. चक्क थाप, आणि त्या थापेनेच जीव वाचतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. चाणाक्ष मूल विचारतंच की माकड खोटं बोललं ना मग. त्याला उत्तर आहे, पण ते सहा वर्षांच्या पुढच्या मुलाशी बोलायचं उत्तर आहे, जीव घ्यायला आलेल्यासमोर काय करावं हा वेगळा विषय आहे. चार वर्षांच्या मुलाला खरं बोलायला शिकवायला ही गोष्ट घेऊ नये, प्रसंगावधान शिकवायला घ्यावी.

राजा हरिश्चंद्राची घ्या. सत्यासाठी राज्य गेलं, बायको-मुलगा विकले, स्मशानात डोंबाची चाकरी. मोठ्या वयात ही गोष्ट माणसाला हलवून टाकते, गांधीजींनी लहानपणी तिचं नाटक बघितलं होतं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नाही. पण शिशुवर्गातल्या मुलाला त्यातून काय दिसेल, की खरं बोललं की घर जातं आणि आईबाबा वेगळे होतात. शेवटी सगळं परत मिळतं ते त्याच्या लक्षात राहील याची मला खात्री नाही, मधला भाग इतका भीषण आहे.

राहिला लाकूडतोड्या. मी सगळ्यात आधी त्याच्याकडे गेले कारण त्यात खरं बोलण्याचं फळ चांगलं दाखवलंय, नदीत पडलेली लोखंडी कुऱ्हाड, देव आधी सोन्याची काढतो, मग चांदीची, तो म्हणतो ही माझी नाही, शेवटी तिन्ही मिळतात. टोरांटोच्या निकालाशी जुळतंय असं वाटतं. पण नीट बघितलं तर लाकूडतोड्याची काही चूकच झालेली नाही. कुऱ्हाड हातातून निसटली, तो गुन्हा नव्हे. त्याला कबूल करायचं काहीच नाहीये, त्याला फक्त लोभ आवरायचाय. ती हाव नको याची उत्तम गोष्ट आहे. वॉशिंग्टनच्या गोष्टीत जी अवघड जागा आहे, मी केलं हे स्वतःच्या तोंडाने म्हणण्याची, ती लाकूडतोड्यात नाही. शिवाय बक्षीस सोन्याचं आहे. वॉशिंग्टनला वडिलांच्या मिठीशिवाय काही मिळालं नाही, आणि घरात खरं बोलणाऱ्या मुलाला आपण रोज देऊ शकतो ते हेच आहे.

मग मला जी हवी होती ती गोष्ट मिळाली गांधीजींच्या आत्मकथेत, आणि ती घडलेली आहे. मोहन पंधरा वर्षांचा. भावावर साधारण २५ रुपयांचं कर्ज झालेलं, भावाच्या हातात सोन्याचं कडं, त्यातला एक तुकडा मोहनने कापला आणि कर्ज फिटलं. पण त्याला चैन पडेना. वडिलांसमोर बोलायची हिंमत होईना, मार बसेल म्हणून नाही, त्यांना किती दुःख होईल या विचाराने. शेवटी सगळं कागदावर लिहिलं, शिक्षा द्या असं लिहिलं, पुन्हा चोरी करणार नाही असं लिहिलं, आणि थरथरत्या हाताने आजारी वडिलांना चिठ्ठी दिली. वडील पलंगावर पडून होते ते उठून बसले, वाचलं, डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. एक शब्द नाही.

ही मी मुलांसाठी सोप्या वाक्यांत लिहून घेतली, कर्ज आणि कडं यांचा भाग लहान केला, चिठ्ठीचा भाग मोठा. वाचताना चिठ्ठी देण्याच्या जागी थांबले आणि विचारलं, आता बाबा काय करतील? मारतील, ओरडतील, आईला सांगतील, फोन काढून घेतील, अशी उत्तरं आली. एकाही मुलाने जवळ घेतील असं म्हटलं नाही. मग पुढचं वाचलं. बाबा रडले म्हटल्यावर खोली एकदम शांत, आणि एका मुलीने विचारलं बाबांना राग आला नाही का? मी तिलाच विचारलं तुला काय वाटतं. ती म्हणाली आला असेल पण त्यांना कळलं की तो खूप घाबरलाय. त्या दिवशी एक बाबा मुलीला न्यायला लवकर येऊन मागे उभे होते, नंतर जिन्यात मला म्हणाले काकू ही गोष्ट आमच्यासाठी होती. मला तसंच वाटतं, यातली निम्मी गोष्ट वाचणाऱ्या मोठ्या माणसासाठी असते.

प्रयोगाच्या मर्यादाही लिहायला हव्यात. मुलांना गोष्ट वाचून लगेच प्रश्न विचारला होता, त्यामुळे एका वाचनाचा परिणाम महिनाभराने किती राहतो हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. चोरून खेळणं बघणं ही छोटी चूक आहे, मित्राचं रबर घरी आणणं किंवा धाकट्या भावाला ढकलणं ही जास्त वजनाची. आणि वॉशिंग्टन ऐकलेली सगळीच मुलं खरं बोलली असंही नव्हे, काही बोललीच खोटं. एक गोष्ट वाचली आणि मूल सुधारलं असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

यातून मी जे करून बघितलं ते असं. टोरांटोवाल्यांनी चांगल्या गोष्टीचा शेवट बिघडवून बघितला, मी लांडग्याच्या गोष्टीचा शेवट दुरुस्त करून बघितला. पहिल्यांदा थाप मारल्यावर गावकरी परत जातात, आणि मुलाला संध्याकाळी करमत नाही. तो गावात जातो, पारावर बसलेल्या आजोबांना सांगतो की लांडगा नव्हता आलेला, मला एकट्याला कंटाळा आला होता. आजोबा थोडे चिडतात, म्हणतात माझा गुडघा दुखतो रे, पळत आलो होतो. मग म्हणतात पण बरं झालं सांगितलंस, उद्यापासून माझा नातू येईल तुझ्यासोबत. आजोबांचं चिडणं मी मुद्दाम ठेवलंय, कारण मुलांना खोटी गोडी लगेच कळते, आणि चूक केली तरी चालतं असा अर्थ निघायला नको, चुकीचा त्रास कुणाला झाला हे दिसलं पाहिजे. मला वाटलं गोष्ट इथे संपली. मुलं ऐकेनात, म्हणाली मग लांडगा? लांडगा आलाच पाहिजे. तेव्हा त्यांनीच पुढची रचली, लांडगा येतो, दोघं मिळून ओरडतात, अख्खं गाव धावत येतं, आणि आजोबा गुडघा धरत धरत सगळ्यात शेवटी पोचतात. आता तीच आमच्या वहीत लिहिलेली आहे.

ज्या आईने डब्याचं सांगितलं होतं तिने विचारलं की मग जुनी लांडग्याची सांगायचीच नाही का. सांगायची की. पण सात-आठ वर्षांच्या मुलांना, आणि तेव्हा चर्चा त्या मुलावर न नेता गावकऱ्यांवर न्यायची. तिसऱ्यांदा ते आले नाहीत, त्यांनी बरोबर केलं का? हाक खोटी असेल असं वाटत असताना लहान मुलासाठी पुन्हा धावत जावं का? तिसरीतल्या मुलांना मी हे विचारलं तेव्हा दोन गट पडले आणि वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी भांडण मिटलं नव्हतं, एक जण तर चपला घालताना पण सांगत होता की एकाने तरी जाऊन बघून यायला पाहिजे होतं.